वाढत्या अंगाचा युनिफॉर्म

२ मार्च २०२५, रविवार

आधी तब्येती. गावाला पत्र लिहायचे दिवस गेले, पण पहिल्या चार ओळी त्यात घालवायची सवय काही सुटत नाही.

उज्वला, मान कशी आहे? — आखडलेलीच. पट्टा लाव म्हटलं की "वर्गात पोरं हसतात गं आई." श्यामसुंदरराव, तुमचं पित्त? — काल वडे खाल्ले, आज सकाळी सोडा शोधत होते. जावई पडले, बोलता येत नाही. ईश्वरी, डोळे? — टोमॅटो! दिवसभर तो कॉम्प्युटर. आणि सगुणाबाई, आपले गुडघे? — उजवा कुरकुरतो, डावा सोसतो.

म्हणजे माणसं आपापल्या पायांवर उभी आहेत. घर तेवढं आजारी आहे.

मायलेकींचं बोलणं बंद! आठवडा होत आला. ईश्वरीला हैदराबादला कार्टूनच्या स्टुडिओत नोकरी लागली. लागली ती लागली, पोरीने तिकडे "हो" कळवून टाकलं आणि मग जेवताना घरात सांगितलं. "मी हो म्हटलंय. जूनपासून." उज्वलाने ताटातली पोळी मोडली, परत जोडल्यासारखी ठेवली. "कळवलंस ना? मग झालं." तेवढंच. त्यानंतर अवाक्षर नाही.

आता दोघी ओट्यापाशी हातभर अंतरावर उभ्या असतात आणि — "आजी, मम्मीला सांग, मला डबा नकोय." "आई, तिला सांग, भाजी भरून झालीय." मी काय सोसायटीचा वॉचमन आहे, निरोप पोचवायला?

४ मार्च, मंगळवार

ईश्वरीचा कॉलेजचा शेवटचा पिक्चर. सात मिनिटांचा, हाताने काढलेल्या चित्रांचा. आमच्या दोघींची खोली एकच, त्यामुळे माझ्या पलंगावरची भिंत तिने चौकटी-चौकटींच्या कागदांनी भरून टाकली आहे. याला म्हणे स्टोरीबोर्ड. उशाला महिषासुरमर्दिनीचं कॅलेंडर होतं, ते गेलं कपाटामागे.

आज तिने एकेक चौकट बोट लावून सांगितली. नाव — "वाढत्या अंगाचा". मला लगेच कळलं! पोरीला युनिफॉर्म घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. म्हणजे मोठ्ठा. खालून वीतभर आत मुडपायचा, हाताने टीप घालायची, आणि दर जूनला मुडप थोडी उसवून खाली सोडायची. जुन्या घडीची रेघ मात्र कापडावर राहते. बाकीचं निळं उन्हाने विटतं, आतलं कोरं निळं बाहेर येतं. चार वर्षांत स्कर्टवर चार पट्टे! आम्ही तुर्भ्याच्या खोलीत राहायचो तेव्हा घरोघर हेच. मीच कधीतरी सांगितलं असेल हिला.

तर पिक्चरमध्ये एक मुलगी स्टुलावर उभी. खाली गुडघ्यांवर आई, मुडप सोडते आहे. आईच्या ओठांत टाचण्या. मुलगी काहीतरी विचारते, आणि आई फक्त "हं" करते. तोंड उघडलं तर टाचण्या पडतील ना! असा दर जून. मुलगी उंच होते, प्रश्न मोठे होतात, आईचा "हं" तेवढाच. आईचं तोंड दिसतच नाही. वरून बघतो आपण, मुलीच्या नजरेने. नुसता भांग. दरवर्षी त्यात थोडा पांढरा रंग.

"शेवटी?"

"शेवटी मुलगी विचारते, मी जाऊ?"

"आणि आई?"

"तेच तर अडलंय ना आजी."

६ मार्च, गुरुवार

आज मायलेकींनी मिळून एक शब्द उच्चारला. "सरक." फ्रिजसमोर.

८ मार्च, शनिवार

कॉलेजातल्या क्षिप्रा मॅडमनी स्टोरीबोर्ड पाहिला. ईश्वरी तोंड पाडून आली. म्हणाल्या, स्ट्रक्चर ढिलं आहे. गोष्टीला तीन भाग लागतात, तुझ्याकडे दीडच आहे. सुरुवात बरी, मध्य चढत नाही, सगळे जून एकसारखे. आणि तिसरा भाग नाहीच, कारण आई गप्प. "या आईला काय हवंय? तेच मला कळत नाही. ते तुला कळेपर्यंत शेवट सापडणार नाही."

मला मॅडमचं पटलं! मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. उज्वला पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावरून अक्षरं लावायला शिकले, म्हणजे मायलेकी आम्ही एकाच वर्षी पहिलीत. पण त्यानंतर जे वाचत सुटले ते आजतागायत. नेरूळच्या वाचनालयातली अर्धी कपाटं माझ्या हाताखालून गेली आहेत. गोष्ट कुठे पंक्चर झाली ते मला कळतं.

ही आई की खांब? पोर विचारते, "आई, पडलेला दात कुठे टाकू?" — हं. "आई, पुष्पा माझ्याशी का बोलत नाही?" — हं. "आई, पोटात दुखतंय, आणि..." — हं! अगं बाई, घे की टाचण्या बाहेर! पोर शहाणी व्हायला आली आणि तू मुडप धरून बसलीस!

ईश्वरीला म्हटलं, असली आई मी पाहिली नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "नाही पाहिलीस?"

"नाही. मी असते तर पहिल्याच जूनला बोलले असते."

१० मार्च, सोमवार

कोडं सुटलं! आज सकाळी उज्वला शाळेसाठी साडी नेसत होती. निऱ्या हातात, पिना ओठांत. मी विचारलं, "संध्याकाळी मेथी आणू का?" "हं." "की पालक?" "हं."

हे बघा! ही ती आई. पोरीने युनिफॉर्म तेवढा माझ्या जमान्यातला घेतला आहे, भांडण मात्र आजचं. मुलीचं नाकसुद्धा थेट ईश्वरीचं काढलं आहे. तरीच म्हटलं, हैदराबादचं नक्की झाल्यावर कागद इतके भराभर कसे वाढले भिंतीवर.

एक कळलं नाही. घरी "मम्मी" आणि पिक्चरमध्ये "आई"? मराठी पिक्चर म्हणून असेल.

उज्वलाला काही बोलले नाही. आधीच मान आखडलेली.

१३ मार्च, गुरुवार

मध्य चढत नाही, मध्य चढत नाही! पोरीने जीव काढला. आज मी सांगितलं, "मुडप काय जन्मभर पुरते का? पाचव्या नाहीतर सहाव्या वर्षी कापड संपतं. पोर वाढतच असते."

"मग आया काय करायच्या?"

"खाली पट्टी जोडायची. नेमका तो निळा कुठे मिळणार? जुन्या लुगड्याची, परकराची, जे असेल ते. लांबून ओळखू यायची. पोरी रडून गोंधळ घालायच्या."

"मम्मी रडली होती?"

"उज्वला? छे! ती कुठली रडते. दप्तर धरलं पुढ्यात आणि चालू लागली."

ईश्वरीने पेन्सिल उचलली आणि माझ्यादेखत चार चौकटी काढल्या. मुडप उसवते, कापड संपलं आहे. आईचे हात थांबतात. मग आईच्याच लुगड्याचा काठ, कात्री, आणि तो लाल काठ त्या निळ्या स्कर्टला! पहिल्यांदाच मुलगी काही विचारत नाही. आई मान वर करेल असं वाटतं, आणि करत नाही.

माझ्या अंगावर काटा आला. मध्य चढला की! माझ्यामुळे! आज मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. खाली पोरं पाण्याचे फुगे मारत होती. श्यामसुंदरराव रंगून आले आणि दाराशीच मला विचारतात, "काय आई, युद्ध थांबलं का?" म्हटलं, तुम्हीच का नाही बोलत दोघींशी? "मी बोललो तर दोघी एक होतील आणि माझ्यावर येतील." हुशार आहेत. पित्त होतं ते उगाच नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज माझा आवाज धरला. म्हणजे रेकॉर्ड केला. पिक्चरमधल्या आईचा आवाज मी! का, तर "तूच हवीस. दुसरं कोणी नाही चालणार."

मोठेपणा वाटला, तो पाच मिनिटं टिकला. पंखा बंद. खिडकी बंद. मला कपाटाच्या उघड्या दारात बसवलं आणि डोक्यावरून गोधडी! आवाज घुमत नाही म्हणे. मार्च महिन्यात! खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली — थांबा. कुकर झाला — थांबा. वरच्या मजल्यावर ड्रिल — थांबा. घामाने मी भिजलेला बोळा.

आणि म्हणायचं काय? "हं". एवढंच.

"असा नाही आजी. तिचा दात पडलाय. तुला हसू येतंय, पण हसलीस तर टाचण्या पडतील."

"हं."

"आता तुझं लक्ष नाहीये. डोक्यात वेगळंच चाललंय, संध्याकाळचं."

"हं."

"आता ऐकलंयस. सगळं कळलंय. पण काय बोलायचं ते सुचत नाहीये."

एका "हं"ला एवढा अभ्यास! मी म्हटलं, तोंड रिकामं असल्यावर खरा कसा येईल, टाचण्या दे. तिने आगकाड्या पुढे केल्या. नको, टाचण्याच दे. ओठांत धरल्या. तीन उजवीकडे, दोन डावीकडे, अशा बसल्या की बास! आणि मग आपोआप निघालं, दातांतून — "उभी राहा सरळ! हलू नकोस, टोचेल."

हे काही लिहिलेलं नव्हतं. मी जीभ चावणार होते, पण टाचण्या होत्या. ईश्वरी मशीन बंद करायची विसरली. गोधडीखाली डोकं घालून तिने माझ्या गालाला गाल लावला. "हे ठेवणार मी. हेच एक वाक्य, दर जूनला."

ठेव बाई. पण पंखा लाव.

२१ मार्च, शुक्रवार

शेवटावरून आज सगळ्या घराचं डोकं उठलं. (उज्वला सोडून. ती आतल्या खोलीत पेपर तपासत होती. दार अर्धवट उघडं ठेवून.)

प्रश्न एकच. शेवटचा जून. शाळा संपली, युनिफॉर्म आता सोडायला नाही, धाकट्या कुणाला तरी द्यायला उसवायचा आहे. मुलगी स्टुलावर उभी राहायच्या वयाची नाही, तरी मापासाठी उभी. म्हणते, "आई, मी जाऊ?" आई ओठांतल्या टाचण्या एकेक काढते. आणि म्हणते —

काय म्हणते?

मी विचारलं, आधी कुठे जाऊ ते तरी सांग! बाजारात जाऊ का लंडनला जाऊ? ईश्वरी म्हणे, ते नाही सांगायचं. हे एक नवीनच.

क्षिप्रा मॅडमनी सुचवलेलं वाक्य — "मला तुझा अभिमान आहे." आमच्यात कोण बोलतं असं? अभिमान भाषणात असतो. स्वयंपाकघरात कोणी अभिमान काढला तर आधी ताप बघतील.

श्यामसुंदररावांचं वाक्य — "पोचलीस की फोन कर." हे खरं आहे. पण एवढ्यासाठी सात मिनिटं बसवून ठेवायचं लोकांना?

मग मी माझं लिहून दिलं. चांगलं दोन पानं. आईचं सगळं मन त्यात ओतलं. बाळा, तुला वाटलं मी ऐकत नव्हते, तर तसं नव्हतं, माझ्या तोंडात टाचण्या आणि डोक्यात चिंता, असं सुरू करून पार देवीपुढे घागरी फुंकाव्यात इतकं अंगात येईपर्यंत.

"आजी, फिल्म सात मिनिटांची आहे. तुझं वाक्य नऊ मिनिटांचं आहे."

"मग फिल्म वाढव!"

"हे तू लिहिलंयस ते... म्हणजे तिच्या डोक्यात शिरून लिहिलंयस, की असंच, गोष्टीसारखं?"

"गोष्टच आहे ना ती?"

तिने कागदाची घडी केली. "राहू दे. तुला आठवलं... सुचलं, तर सांग."

नापास झाल्यासारखं वाटलं मला. अडुसष्टाव्या वर्षी.

२२ मार्च, शनिवार

वाचनालयातून दोन कादंबऱ्या आणल्या. दोन्हींत आया शेवटी मरतात. परत केल्या.

२७ मार्च, गुरुवार

घोळ घातला मी. मोठा.

कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार, बारा एप्रिलला सगळ्या मुलांचे पिक्चर मोठ्या पडद्यावर. घरच्यांना बोलावणं. ईश्वरीने ते कार्ड फ्रिजला लावलं आणि कोणाला काही म्हणाली नाही. उज्वला रोज त्या कार्डासमोरून दूध काढते आणि कोणाला काही म्हणत नाही. मला राहवेना. सकाळी उज्वला पिना लावत होती, मी गाठलं.

"बारा तारखेला सुट्टी टाक."

"हं."

"हं नको करूस! हेच तर दाखवलंय तिने पिक्चरमध्ये!"

पिना काढल्या तिने. सगळ्या. "काय दाखवलंय?"

"तू. तू बोलत नाहीस ते. पोर विचारते आणि आई गप्प. तुझ्यावरच आहे गं तो, म्हणून म्हणते, ये आणि बघ, म्हणजे तुझं तुलाच—"

तिचा चेहरा उतरला. पदर तसाच खांद्यावरून लोंबत होता.

"मी गप्प? तिने विचारलं का मला काही? सांगितलं, आई. विचारलं नाही. मी काय नोटीस बोर्ड आहे? 'हो म्हटलंय, जूनपासून.' मला फक्त विचारलं असतं ना, मम्मी मी जाऊ का — मी आधी हो म्हटलं असतं आणि मग रडले असते. आणि आता चारचौघांत मोठ्या पडद्यावर मी गप्प! छान. तूच जा बघायला."

साडी तशीच कशीबशी गुंडाळून गेली. एक पिन पलंगावर राहिली, ती दुपारी मला टोचली. बरोबरच झालं.

२८ मार्च, शुक्रवार

ईश्वरीला सांगावंच लागलं. मला वाटलं चिडेल. चिडलीच.

"आजी! तुला कोणी सांगितलं ती मम्मी आहे?"

"मग कोण?"

उघडलेलं तोंड तिने मिटलं. मग हसली. मग खुर्ची फिरवून पाठ केली, आणि पाठ काही हसत नव्हती.

"कोणी नाही. एक आई आहे. झालं?"

"मग तिला कोणाचं तरी तोंड काढ ना! सारखा भांग, भांग! माणसाला कळणार कसं?"

"आजी, प्लीज. तू झोप थोडी."

दुपारचे तीन वाजले होते. मी काय तान्हं बाळ आहे? उज्वलाचं दुखलं ते माझ्यामुळे, ही चिडली ती माझ्यामुळे, पट्टी सुचवली ती मी, आवाज दिला तो मी, आणि मलाच झोपायला पाठवतात! माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. घरातल्या तिन्ही बायकांत बोलकी मी एकटी, म्हणून सगळं माझ्यावर.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली श्यामसुंदररावांनी, तांब्या तिरका. कडुनिंबाची चटणी सगळ्यांनी काही न बोलता खाल्ली. तोंडं आधीच तशी होती, फरक पडला नाही.

श्रीखंड ईश्वरीने उज्वलाच्या वाटीत वाढलं. उज्वलाने "पुरे" म्हटलं. ती वाढतच राहिली. वाटी भरून वाहायला लागली तेव्हा दोघींना एकदमच हसू आलं, आणि दोघींनी एकदमच गिळलं.

हसा की गं! कोण पैसे मागतंय?

५ एप्रिल, शनिवार

क्षिप्रा मॅडम घरी आल्या. वयाने लहानच आहे पोरगी, कुरळे केस, पायात दोन रंगांचे मोजे. मी पोहे केले. ईश्वरीने आतापर्यंत जोडलेला पिक्चर त्यांना दाखवला, मला बाहेर बसवून. बाहेर म्हणजे काय, पातळ दार आहे.

"मध्य सुंदर झालाय. पट्टीवर मी रडले. पण हे थांबतंय कुठे, ईश्वरी? टाचण्या काढते, मान वर करायला लागते, आणि कट? ज्युरी म्हणेल, शेवट सुचला नाही."

"नाहीच सुचला मॅम. सुचवायचा नाहीये. ती काय म्हणाली असती हे मला माहीत नाही, आणि जिला माहीत आहे तिला मी विचारू शकत नाही. म्हणजे माझं विचारण्याचं काम नाहीये ते. खोटं वाक्य घातलं तर सातही मिनिटं खोटी होतील."

"मार्क जातील."

"जाऊ देत."

मला नाही पटलं. गोष्ट सांगायला बसलात तर पुरी सांगा. शेवट हा काय वाचणाऱ्याने घरून आणायचा असतो? जाताना मॅडमना मी तसं म्हटलं. त्या चपला घालता घालता थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं. "आजी, तुमचा आवाज ऐकला मी. त्या 'हं'मध्ये सगळं होतं. फक्त..." आणि नुसत्याच हसल्या.

हिचंही वाक्य अर्धवट! या शाळेत वाक्य पुरं करायला शिकवतच नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

आज झालं ते लिहून ठेवते.

ईश्वरी कॉलेजातून आली, दप्तर ठेवलं नाही, चपला काढल्या नाहीत. उज्वला गॅससमोर. ईश्वरी तिच्या शेजारी जाऊन उभी. मी निरोपासाठी तयारच होते.

"मम्मी, शनिवारी येशील?"

मला नाही. उज्वलाला. आणि विचारलं! सांगितलं नाही.

उज्वलाने गॅस बारीक केला. "त्यात मी आहे म्हणे."

"आहेस. पण आजी म्हणते तशी नाही. येऊन बघ. आणि मम्मी, हैदराबादचं मी आधी तुला विचारायला हवं होतं. मला भीती वाटली, तू नको म्हणशील. की हो म्हणशील. माहीत नाही कशाची वाटली."

उज्वला म्हणाली, "चपला काढ आधी. ओट्याजवळ काय चपला?"

मी श्यामसुंदररावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही दोघांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

पण "आजी म्हणते तशी नाही" म्हणजे काय? मी काय खोटं सांगितलं?

१२ एप्रिल, शनिवार

बघितला.

अंधार, मोठा पडदा, आणि माझा आवाज! "उभी राहा सरळ! हलू नकोस, टोचेल." लोक हसले. पहिल्या "हं"ला हसले, दुसऱ्याला हसले, चौथ्याला हसायचे थांबले. गोधडीतला घाम वसूल झाला म्हणायचं.

पट्टीचा प्रसंग आला. लाल काठ, निळा स्कर्ट. पोर स्टुलावर गप्प. माझ्या शेजारी उज्वलाने माझा हात धरला. धरला म्हणजे बांगडी रुतेल असा. मला वाटलं, अपमान वाटला हिला. मी पाठीवरून हात फिरवला, कानात सांगितलं, "अगं, पिक्चर आहे तो." तिने मान हलवली, हात सोडला नाही. लहानपणी नाही रडली ती बाई आज पदराने तोंड झाकून बसली होती.

आणि मग शेवट. "आई, मी जाऊ?" टाचण्या एकेक निघतात. मान वर होते, होते, आता कपाळ दिसेल, भुवया दिसतील — काळोख! नावं सुरू!

एवढं करून तोंडसुद्धा दाखवलं नाही! मागे एक बाई म्हणाल्या, "लाइट गेली का?" मी पूर्ण सहमत. परीक्षकांपैकी एकाने म्हटलंच, तिसरा भाग अपुरा आहे. बक्षीस एका उडत्या बैलाच्या पिक्चरला गेलं. बैल बरा होता. शेवटी घरी तरी आला.

रिक्षात ईश्वरीला म्हटलं, एक वाक्य घातलं असतंस तर! ती उज्वलाच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. दोघींनी मिळून मला सांगितलं, "आई, राहू दे." "आजी, राहू दे."

एकी झाली. माझ्याविरुद्ध का होईना.

१३ एप्रिल, रविवार

दोघी दिवसभर कपाट उपसत होत्या. हैदराबादला काय न्यायचं, काय नाही. "हे सुती ने, तिकडे उकडतं." "मम्मी, हे आजीसारखं दिसतं." खी खी खी. तब्येती सगळ्यांच्या उत्तम. मान मोकळी, डोळे पांढरे, पित्त शांत.

मला कोणी काही विचारत नाही. इतके दिवस निरोप्या मी, आता डाकच बंद! मी दारात गेले की बोलणं थांबतं. उज्वला माझ्याकडे बघते, काहीतरी म्हणणार असं वाटतं, आणि मग म्हणते, "आई, चहा घेशील?"

तिसऱ्यांदा मी म्हटलं, सांग काय ते. पोट फुगलं चहाने.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी उज्वला शाळेत गेली. नऊ वाजता फोन वाजला, तिचा मेसेज. समोर बसून दोन दिवस चहा पाजला आणि आता शाळेतून लिहिते! दोनदा वाचला. जसाच्या तसा उतरवते.

"आई, ईश्वरीच्या फिल्ममधली मुलगी मी आहे. तुर्भ्याची खोली, ते स्टूल, सगळं मीच तिला लहानपणी झोपवताना सांगितलं होतं. मी तिला दरवर्षी नवा युनिफॉर्म का घेते म्हणून तिने विचारलं होतं. शाळा संपल्यावर मी तुला म्हटलं होतं, आई मी पुण्याला जाऊ, चित्रकलेच्या कॉलेजात. तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. तू एकेक काढायला लागलीस आणि मी भिऊन उतरले, पळाले, पुन्हा कधी विचारलं नाही. राग नाही गं. थांबले असते तर कळलं असतं. तोंडावर विचारायला गेले की अजून तशीच भीती वाटते, म्हणून लिहिते. तू काय म्हणणार होतीस? आठवत नसेल तर आज काय म्हणशील ते लिही. मोठं असलं तरी चालेल. साडेदहाला मधली सुट्टी आहे, मी फोन हातात घेऊन बसते. लवकर लिही."